मास्तरचं ठाण

२ जून

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. विमानाच्या पेटीत शिरताना शिंकरीनं जो तमाशा केला तो तू पाहिलासच. उतरताना मात्र बाईसाहेब अशा डौलात उतरल्या की जणू सगळा विमानतळ त्यांच्याच स्वागताला जमलाय. त्या पेटीत दोन घोड्यांची जागा असते, मध्ये नुसती एक फळी. शेजारी आमच्या संघातला तो थोराड घोडा होता आणि शिंकरीनं वाटभर त्याच्या जाळीतलं गवत पळवलं. मोतद्दारकाका म्हणाले की ही अगदी मालकिणीच्या वळणावर गेलीय. मालकीण तू आहेस, मी नाही, याची नोंद घे.

सराव जुन्या मैदानावर आहे. हो, तेच. आजोबा त्यांच्या करड्या घोड्याला, मास्तरला घेऊन ज्या जागतिक खेळांना आले होते, ते इथेच झाले होते. आता मुख्य स्पर्धेसाठी नवं मैदान बांधलंय आणि हे आम्हाला सरावाला दिलंय. प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या अजून तशाच आहेत, फक्त रंग उडालाय. पहिल्याच सकाळी मी सगळं मैदान पायी फिरले. घोड्याला अडथळा आधी दाखवायचा नसतो, आपण चालून बघायचा आणि घोडा आपल्या भरवशावर उडी मारतो, हे तू लहानपणापासून माझ्या डोक्यात इतकं कोंबलंयस की आता भाजी आणायला गेले तरी मी पावलांनी अंतर मोजते.

एकच तक्रार आहे. शिंकरीच्या शेजारच्या ठाणात कुणीतरी महा अधीर प्राणी आहे. संध्याकाळी चंदीची वेळ झाली की दारावर खूर आपटतो. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू. रोज तेच. शिंकरी कान टवकारून ऐकत राहते आणि चंदी खायची विसरते. ही चंदी विसरली म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

लोभ आहेच. शिंकरीच्या वाट्याचा वेगळा पाठव, माझ्यातला ती पळवते.

तुझी,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. तुझ्या बाबानं ते माझ्या हातातून ओढून आधी वाचलं आणि मग मला मोठ्यानं वाचून दाखवलं, जणू मला वाचता येत नाही. तुझ्या मोतद्दारकाकांना सांग, परत आल्यावर मालकिणीच्या वळणाचं काय ते समोरासमोर बोलू.

तुझे आजोबा सांगायचे, प्राचीन काळच्या त्या खेळांत रथांची शर्यत जिंकली की मान घोड्यांच्या मालकाला मिळायचा, रथ हाकणाऱ्याला नाही. बायकांना तर तिथे उतरायची सोय नव्हती. तरी एका राजकन्येनं घरबसल्या बाजी मारली, कारण घोडे तिचे होते. तेव्हा तुला पदक मिळालं तर ते खरं माझं, हे आत्ताच लिहून ठेवते. नवे खेळ सुरू झाल्यावरही कितीतरी वर्षं घोड्यावर फक्त लष्करी अधिकारी बसत. बायकांना फार उशिरा वाव मिळाला, माझं वय निघून गेल्यावर. आता तू त्याच अडथळ्यांवरून पुरुषांच्या बरोबरीनं उडी मारणार. मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

इकडे सगळं ठीक. नवा नालबंद येऊन गेला. हात चांगला आहे, तोंड जरा जास्त चालतं. मास्तरचं ठाण बघून विचारत होता, इतक्या वर्षांत इथे घोडा नाही तर रोज ताजा पेंढा कशाला, पाणी कशाला, आणि दार असं आकड्याला अडकवून सताड उघडं का. मी म्हटलं, तू नाल ठोक. तुझे आजोबा शेवटपर्यंत हे करत होते, म्हणून मी करते. त्याला काय समजावत बसू.

त्या शेजारच्या घोड्याचं लिहिलंस. त्याचा रंग कोणता? वय काय असेल? जरा डोकावून बघ आणि लिही. सहज विचारतेय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझी माया आहेच, तिला टपालाचा खर्च पडत नाही.

तुझी,
आत्या


२० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ते सहज मला मुळीच आवडलं नाही. तू सहज कधी काही विचारत नाहीस.

मी डोकावले. शेजारच्या ठाणात घोडा नाही. अडथळ्यांचे जुने दांडे रचून ठेवलेत, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. मांजर शिरायलाही जागा नाही. मी मोतद्दारकाकांना विचारलं, तर ते म्हणाले की त्यांनीही रोज ऐकलंय आणि ते मुद्दामच बोलले नव्हते. आत्या, मला भीती वाटली. घोडा अंगावर आला तरी मी घाबरत नाही, पण त्या दांड्यांकडे पाठ न करता मी उलट्या पावलांनी मागे सरले.

आणखी एक. मैदानाच्या फाटकाजवळचा एक कोपरा आहे. तिथून एकही घोडा सरळ जात नाही, सगळे अंग चोरून वळसा घेतात. आमचे प्रशिक्षक म्हणतात, सावलीला बुजतात. पण ढगाळ दिवशीही बुजतात. फक्त शिंकरी बुजत नाही. ती तिथे थांबते, मान खाली घालते आणि शिंकते. उडीच्या आधी शिंकते तशी नाही. तुला अंगणात बघून शिंकते ना, तशी.

इथल्या तबेल्यावर एक म्हातारी बाई आहे, तिचा बापही इथेच मोतद्दार होता. तिनं सांगितलं की त्या कोपऱ्यात एक करडा घोडा पुरलाय. परदेशातून खेळांना आलेला, मालक सोडून गेलेला. तिच्या बापानं त्याला जिवापाड सांभाळलं. खाणं, खरारा, ऊन, कशाची कमी नव्हती. खूप जगला म्हणे. पण संध्याकाळी चंदी समोर ठेवली की तिच्याकडे पाठ करून फाटकाकडे तोंड करायचा. पार अंधारून आलं की मग खायचा. रोज, मरेपर्यंत. तो मास्तर होता ना? तू मला सांगितलं होतंस की मास्तर बोटीवर वारला.

आणि आता खरी बातमी. इथल्या घोड्यांत साथ सापडलीय. आपल्या सरकारनं कळवलंय की पुढच्या महिन्याच्या आठ तारखेच्या विमानानं जे घोडे परततील तेच देशात घेऊ. जे स्पर्धेत उतरतील, इतर घोड्यांत मिसळतील, त्यांना परत प्रवेश नाही. प्रशिक्षक म्हणतात, यात एवढं काय, शिंकरीला इथेच कुठल्यातरी चांगल्या घरी देऊ. तिला कशाची कमी पडणार नाही, असंही म्हणाले.

मी या खेळांसाठी काय काय केलंय ते तुला माहीत आहे. मला उतरायचंय, आत्या. फार उतरायचंय. घोडी तुझी आहे, तू सांगशील तसं करीन.

उत्तराची वाट बघते. लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, त्यातलं थोडं धैर्य करून पाठव.

तुझी,
भिंगरी


२८ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ मास्तरच्या ठाणाच्या उंबऱ्यावर बसून राहिले. तुझा बाबा दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा तसाच परत गेला.

तो मास्तरच. दोनदा जोरात आणि एकदा हळू, असा खूर आमच्याकडे तोच आपटायचा. बोटीवर वारला हे मला सांगितलं गेलं, म्हणून मी तुला सांगितलं. त्याच्याही आधी मला सांगितलं होतं की तो पुढच्या बोटीनं येतोय. मी परकरातली पोर, शाळेतून आले की दप्तर टाकून फाटकावर चढून बसायची. खरं काय ते तुझ्या आजोबांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं, आणि ते मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

तेव्हाही असाच कायदा होता. परदेशी गेलेला घोडा आजार घेऊन येईल म्हणून त्याला परत घेत नसत. आजोबांना तो जाण्याआधीच माहीत होता. तरी गेले. देशाचं नाव, संघाचा मान, सगळं होतं, आणि त्यांनाही तुझ्यासारखंच फार उतरायचं होतं. मास्तरनं एकही दांडा पाडला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आमच्या तबेल्यात तेव्हा एक रीत होती. संध्याकाळी चंदीच्या पाट्या उचलल्या की आजोबा शिट्टी द्यायचे. दोन तुटक, एक लांब, शेवटी वर चढवलेली. तिचा अर्थ, आलोच. मास्तरचा खूर म्हणजे त्या शिट्टीला उत्तर. निघायच्या दिवशी आजोबा त्याला फाटकाशी बांधून चालू लागले, तर तो खिंकाळायला लागला, दोरी तोडायला लागला. त्याला शांत करायला काही सुचेना, म्हणून त्यांनी पाठमोरं चालता चालता तीच शिट्टी दिली. तो लगेच गप्प झाला. कान पुढे करून उभा राहिला. आजोबा म्हणाले, मी त्याला जातो म्हणायला हवं होतं, मी आलोच म्हटलं. त्यानंतर आपल्या तबेल्यात ती शिट्टी वाजली नाही, म्हणून तुला ती ठाऊक नाही.

शिंकरी कागदावर माझी आहे, पण उडी ती तुझ्या भरवशावर मारते. तेव्हा मी तुला उतर म्हणणार नाही आणि ये म्हणणार नाही. उतरलीस तर मी रेडिओला कान लावून बसेन आणि तुझ्यावर कणभरही रागावणार नाही. फक्त तिला मागे ठेवायची वेळ आली तर शिट्टी देऊ नकोस. ती शिट्टी ज्याला घरी आणायचं त्यालाच द्यायची.

काय करशील ते कळव. माया दोन्हीकडून सारखीच आहे.

तुझी,
आत्या


८ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शिंकरी आज निघाली. मोतद्दारकाका बरोबर आहेत. माझ्या जागी राखीव गडी उतरेल. प्रशिक्षक माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा नको ते बोलतात. मला उद्घाटनाच्या संचलनात चालायला ठेवून घेतलंय, बिनघोड्याची स्वारीण म्हणून. मी काल खूप रडले. हे तुला सांगायला लाज वाटत नाही. मला वाईट वाटतंय आणि ते बराच काळ वाटत राहणार आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी शिंकरीवर बसून सगळे अडथळे एकदा घेतले. अशी उडाली आत्या, की बघत राहावं. मला ठाऊक होतं, मी सांगितलं तर ती नव्या मैदानातही अशीच उडेल, पलीकडे काय आहे ते न विचारता. उतरल्यावर तिनं माझ्या खांद्यावर नाक घासलं. मग तिला मागे ठेवणं माझ्यानं होईना.

आज तिला गाडीकडे नेताना मी मुद्दाम फाटकाच्या कोपऱ्यावरून नेली. ती थांबली, मान खाली घातली. मी तुझी शिट्टी दिली. दोन तुटक, एक लांब, वर चढवलेली. पहिल्यांदा फुसकीच वाजली, ओठ कोरडे पडले होते. दुसऱ्यांदा नीट वाजली. मग मी चालू लागले, गाडीकडे, म्हणजे घरच्याच दिशेनं. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. माझ्या हातात शिंकरीचीच दोरी होती, पण वाळूवर टापा मात्र दोन घोड्यांच्या वाजत होत्या. मोतद्दारकाकांनी ऐकल्या. त्यांनी गाडीत चढायची फळी जरा जास्त वेळ खाली धरून ठेवली आणि मग उचलली.

संध्याकाळी त्या दांड्यांच्या खोलीतून काही आवाज आला नाही. म्हातारी बाई चंदीच्या वेळेला दारात येऊन उभी राहिली, ऐकत राहिली, आणि पदरानं डोळे पुसून गेली.

तिथे काय होतं ते लगेच लिही. लोभ राहू दे, आज मला तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
भिंगरी


१९ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शिंकरी तुझ्या पत्राच्या आधी आली. अंगानं किंचित उतरलीय, बाकी नखऱ्यात काही कमी नाही. विलगीकरण म्हणून बाकीचे घोडे शेजाऱ्यांच्या रानात हलवलेत, त्यामुळे तबेल्यात ती एकटीच.

तुझ्या मोतद्दारकाकांनी प्रवासाचं सांगितलं. मी त्यांना मालकिणीच्या वळणाबद्दल झापायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. पेटीत शिंकरी एकटी होती, दुसरी बाजू मोकळी. विमानवाल्यांनी फळी काढून घ्या म्हटलं, म्हणजे तिला ऐसपैस होईल. काकांनी काढली. तरी ही सगळा प्रवास एका कडेला अंग चोरून उभी. विमानाचा माणूस म्हणाला, घोडी आजारी दिसते. काका म्हणाले, नाही, शेजाऱ्याला जागा देतेय. त्यांनी पलीकडच्या जाळीतही गवत भरलं होतं. शिंकरीनं त्याला तोंड लावलं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. उतरले तेव्हा जाळी रिकामी होती.

गाडी आली तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फळी पडली, शिंकरी उतरली आणि सरळ पुढे न येता बाजूला सरकून उभी राहिली, कुणाला आधी वाट द्यावी तशी. मग आली, मला बघून शिंकली.

संध्याकाळी मी चंदीची पाटी उचलली. तुझं पत्र अजून वाटेत होतं, तरी का कोण जाणे, मी शिट्टी दिली. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून ती निघेल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या ठाणातून आवाज आला. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू. तुझा बाबा विहिरीवर होता, त्याच्या हातातून बादली सुटली. मी पाटी घेऊन मास्तरच्या ठाणात गेले. पेंढा मधोमध दबलेला होता आणि आत घोड्याच्या घामाचा वास होता, ऊन लागलेला. मी मला जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं की का रे बाबा, इतका उशीर. आणि रडले, अगदी परकरातल्या पोरीसारखी. पाटी ठेवून बाहेर आले. मागे चावण्याचा आवाज येत होता, सावकाश, म्हाताऱ्या घोड्याचा.

ते दार उघडं का ठेवायचं, हे नालबंदाला मी सांगितलं नव्हतं. तुला सांगते. घरात असलेल्या घोड्याचं दार रात्री लावतात. आजोबांनी कधी लावलं नाही, मीही लावलं नाही. त्या संध्याकाळी मी ते आकड्यावरून सोडवलं, लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

आता तू ये. पदकाचं वाईट वाटून घेऊ नकोस असं म्हणत नाही, वाटू दे, इथे येऊन वाटू दे. तुझ्या खोलीचं दार मी उघडंच ठेवलंय.

तुझी,
आत्या