पंचेचाळीसचा आकडा

९ फेब्रुवारी १९७६, सोमवार

क्रिएटिनिन नऊ! डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाचं एकाच्या आसपास असतं. माझ्या भावाचं, सिद्धारामचं नऊ, म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद. वय सव्वीस. परवापर्यंत यंत्रमागावर दोन-दोन पाळ्या करत होता गधडा. पाय सुजले तरी बोलला नाही.

हे क्रिएटिनिन म्हणजे काय, विचारलंच मी. स्नायूंचा कचरा. रोज जवळजवळ तेवढाच निघतो, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात, टाकेनाशी झाली की रक्तात साठतो. आणि ही मुठीएवढी दोन पिंडं दिवसाला पावणेदोनशे लिटर गाळतात! त्यातलं दीड लिटर बाहेर, बाकी सगळं परत रक्तात. एकोणतीस वर्षं माझ्या पाठीत हे चाललंय आणि मी खुशाल मुलींना गणित शिकवत बसलेय. थक्क झाले.

१२ फेब्रुवारी

मद्रासकडे एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवतात. अव्वा आईच ती, लगेच पुढे — "माझं घ्या की!" तिला साखरेचा आजार, डॉक्टर नको म्हणाले. राहिले मी. रक्तगट जुळला. आता माझी पिंडं किती काम करतात ते मोजायचं, दिवसभरात लघवीतून किती कचरा गेला आणि रक्तात किती उरला त्यावरून. नव्वदीच्या आसपास आकडा हवा. नाही आला तर सिद्धारामला दुसरं कुणी नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर उद्या सहापर्यंतची सगळी, थेंब न् थेंब, डब्यात. प्रयोगशाळेतल्या ईश्वरप्पांनी दोनदा बजावलंय. डबा न्हाणीत झाकून ठेवलाय. लिहितानासुद्धा लाज वाटते! अव्वा सारखी न्हाणीत डोकावून येते.

१६ फेब्रुवारी

डबा दिला. रक्त दिलं.

१८ फेब्रुवारी

पंचेचाळीस.

तिथेच बाकावर बसले. ईश्वरप्पा म्हणाले, "लई पातळ हाय बाई. पाणी पडलं हुतं का काय?" घरी येऊन अव्वाला विचारलं. म्हणाली, "म्या घातलं वरनं. दुसऱ्याचं भांडं अर्धं परत देऊ न्हाय."

हसावं की रडावं! रीत आहे आमच्याकडे, मान्य. शेजारणीची वाटीही चिमूटभर साखर घालूनच परत जाते. पण म्हणून लघवीचा डबा? खूप ओरडले तिच्यावर. मनातून मात्र हायसं वाटलं. पाण्यानेच आकडा पडला, माझी पिंडं चांगली आहेत!

१९ फेब्रुवारी

शाळेआधी ईश्वरप्पांकडे धावले. ते हसले. "पाण्यानं काय बी व्हत न्हाय, बाई. मूठभर मीठ तांब्यात टाका न्हायतर घागरीत टाका, मीठ मूठभरच की."

खरंच की! पाणी घातलं तर डब्यातलं माप वाढतं आणि त्याच पटीत तीव्रता घटते. गुणाकार तोच! आठवीच्या मुलींना व्यस्त प्रमाण म्हणून मी हेच शिकवते, आणि ते माझ्याच अंगात चाललंय. क्षणभर सगळं विसरून मी त्या कागदाकडे बघत राहिले. मग लक्षात आलं — पाण्याने बिघडलं नाही, म्हणजे पंचेचाळीस खरे. मग सिद्धाराम हातचा गेला.

तोंड बघूनच असेल, ईश्वरप्पांनी दुसऱ्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "रक्तात तर शून्य पूर्णांक आठच हाय. पिंडं निम्मी बंद असती तर हितं कचरा वाढला असता. मेळ बसंना. परत करा."

२२ फेब्रुवारी, रविवार

पहाटेपासून दवाखान्यातच, सिद्धारामच्या खाटेशेजारी. डबा खाटेखाली. तोंडाला चव नाही, उलट्या होतात, तरी चेष्टा करायची हौस आहेच. "अक्का, तुज्या पोरींना सांगू का, बाई काय घेऊन बसल्यात!" एक धपाटा घालणार होते. हात इतका बारीक झालाय त्याचा, तोच धरून बसले.

२५ फेब्रुवारी

ब्याण्णव!!

ईश्वरप्पांनी पेढा मागितला. मी रस्त्यातच दोनदा कागद उघडून पाहिला. ब्याण्णव. सिद्धारामला सांगितलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खांदे हलत होते.

दुपारी मधल्या सुट्टीत दोन्ही कागद शेजारी ठेवले. रक्त दोन्ही वेळा सारखंच. दिवसाचा कचरा मात्र पहिल्या डब्यात निम्मा. पाणी घालून तो कमी होत नाही. मी तर थेंबही चुकवला नव्हता, मग तो कमी होतो एकाच रीतीने — डब्यातलं ओतून दिलं तर.

त्या दिवशी घरात मी आणि अव्वा. तिसरं कुणी नव्हतं.

२६ फेब्रुवारी

विचारावं लागलं नाही. मी ब्याण्णव म्हटलं तशी अव्वा चुलीपुढे बसूनच म्हणाली, "निम्मं मीच वतलं. कळू न्हाय म्हून पाणी घातलं. त्यो तर चाललाच हुता. तुला पण कापायला कशी देऊ?"

राग शोधत होते, सापडला नाही. संध्याकाळी शाळेतून आले तर माझी ट्रंक माळ्यावरून उतरवून पुसून ठेवलेली. आत माझ्या साड्या, सिद्धारामचे दोन सदरे आणि तळाशी तिची लुगडी.

"दोगांच्या खाटांच्या मधी बसायला कोन हाय तितं मद्रासला?" म्हणाली.