डावी पाकळी

पार्से, पेडणे
शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

प्रभेचा वाकून नमस्कार. डिचोलीत सगळी बरी असाल. इथे काजूला मोहर चांगला आहे, म्हैस व्यायची आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. हर्षा कामावर जाताना हे पत्र आणून देईल. राग माझ्यावर आहे, भाचीला उंबऱ्यावरून परतवू नकोस.

मी बरी आहे. म्हणजे पेज उतरते. पाव चहात बुडवला तरी छातीत अडून राहतो, वर पाणी प्यायलं की कुठे खाली सरकतो.

तपासायला गाठीचा तुकडा काढला नाही म्हणजे डॉक्टर काहीतरी लपवतात, असं तुझं म्हणणं. लपवत नाहीत रे. दुर्बिणीत अन्ननलिकेचं आतलं अस्तर गुळगुळीत, शाबूत दिसलं. गाठ त्याच्यामागे, स्नायूत, लिंबाएवढी. आतून सोनोग्राफी केल्यावर म्हणाले, साधी गाठ दिसते, कॅन्सरची नव्हे. तुकडा ओढला तर अस्तर तिथे चिकटतं आणि मग गाठ सोलताना फाटतं. छातीला बारीक भोकं पाडून ती सोलून काढणार. तरीही फाटलं तर तिथेच शिवावं लागेल, हेही तोंडावर सांगितलं.

आता हे वाचून रागावशील. त्या दिवशी तू येऊन म्हणालास, कौल घ्यायला देवीच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला, पाकळी डावी पडली, देवी नको म्हणते. पण तू गेल्यावर देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारलं, दादाने गाऱ्हाणं काय घातलं? ते म्हणाले, "हिकाय आवयचोच रोग जाला, कापूं काय नाका, अशें विचारलें."

दादा, देवीपुढे तू आईचा कॅन्सर मांडलास. माझी गाठ मांडलीच नाहीस. ऑपरेशननंतर आई उठली नाही, ते तुझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. माझ्याही हलत नाही.

पुजारी म्हणाले, परत लावूया. मी नको म्हटलं. परत डावी पडली असती तर माझा पाय घरातून निघाला नसता.

सही मी कालच केली. सोमवारी दाखल होतेय, मंगळवारी ऑपरेशन.

हे गेल्यापासून मला विचारणारा तू एकटाच. मी फार भ्याले आहे. कौल मोडल्याचं जे काय व्हायचं ते मी सोसेन. पण आत नेताना दारात तू दिसला नाहीस, तर ते मला सोसवणार नाही.

तुझं न ऐकता निघालेली, तरी तुझीच धाकटी,
प्रभा