जांभळी चटई

प्रिय सारिका,

फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. तुझ्या आरतीताईच्या फोनवर निरोप धाडला, तर त्या बिचारीलाच झापलंस म्हणे, ‘बहीण माझी का त्याची?’ कागद ब्लॉक करायची सोय अजून कोणी काढलेली नाही, म्हणून पेन हातात घेतलं. कॉलेज सोडल्यापासून एवढं सलग कधी लिहिलं नाही. कॉलेजातही लिहीत नव्हतो म्हणा. अक्षराला हसू नकोस. किंवा हस, निदान काहीतरी करशील.

आधी इथलं सांगतो, कारण तू विचारणार नाहीस. चीनच्या दक्षिणेकडच्या ह्या गावात येऊन मला वर्ष होत आलं. मी गाव म्हणतो कारण इथली माणसंच म्हणतात, ‘आमचं आपलं लहानसं गाव.’ त्या लहानशा गावात तीस-तीस मजली बिल्डिंगा आहेत, आपली अख्खी मळवली एकीच्या पार्किंगमध्ये मावेल. पण आहे गावच. दुपारी मी काय खाल्लं हे संध्याकाळी माझ्या योगाच्या क्लासला येणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत असतं. आणि चारही बाजूंनी भातखाचरं. भात आपल्या इंद्रायणीसारखाच चिकट, फक्त वास नाही. पहिल्या दिवशी ताटलीवर नाक नेऊन हुंगत बसलो, तर हॉटेलवाल्याला वाटलं भात खराब लागला. त्याने तो उचलून नेला आणि दुसरा आणला. त्यालाही वास नव्हता.

वैताग किती सांगू? पाणी मागितलं की गरम देतात, वाफ येणारं, उन्हाळ्यातही. सर्दी झाली, गरम पाणी पी. पाय मुरगळला, गरम पाणी पी. तुझा फोन लागत नाही म्हणून तोंड पाडून बसलो, तरी गरम पाणी पी. दुपारी जेवण झालं की आख्खं गाव झोपतं. दुकानदार गल्ल्यावर डोकं ठेवून झोपतो आणि आपण साबण हातात धरून उभे. थंडीत घराबाहेर जेवढा गारठा तेवढाच आत, माणसं घरातही जाडजूड कोट घालून टीव्ही बघतात. करमणूक म्हणशील तर माझ्या खोलीखाली म्हाताऱ्यांचा सोंगट्यांचा अड्डा आहे, दिवसभर खळखळ खळखळ. संध्याकाळी चौकात पन्नाशीच्या बायका स्पीकर लावून रांगेत नाचतात. एका चौकात तीन टोळ्या, तीन स्पीकर, तीन गाणी, आणि कोणी कोणाला आवाज कमी कर म्हणत नाही. रविवारी क्लासचा मालक मला तळ्यावर मासे धरायला नेतो. दिवसभर गळ टाकून बसायचं आणि बोलायचं काहीच नाही, कारण मला त्याची भाषा येत नाही नि त्याला माझी. आपल्याकडे पोरं खेकडे धरायला जातात तर केवढा दंगा असतो!

पण ह्या सगळ्याहून डोक्यात जातात ते फोटो. रस्त्यात पोरं ‘लाओवाई, लाओवाई’ म्हणून मागे लागतात. म्हणजे परका माणूस. भाजी घ्यायला गेलो की कोणीतरी फोन काढतंच. एका आजीबाईने न विचारता तिचा नातू माझ्या कडेवर दिला आणि लांब जाऊन फोटो काढत बसली. पोरगं भोकाड पसरून रडतंय, मी तसाच धरून उभा. मालक, म्हणजे छन, त्याने तर कहर केला. नव्या मॉलच्या उद्घाटनाला मला भगवी कफनी घालून स्टेजवर बसवलं, गळ्यात प्लास्टिकच्या झेंडूची माळ. दाढी काढायची नाही अशी सक्त ताकीद, दाढी नसेल तर गिऱ्हाइकाला गुरू खरा वाटत नाही. मी! ज्याला तू बांबू म्हणायचीस!

आठवतं का ते? लोणावळ्याला तू योगाच्या कोर्सला जायला लागलीस आणि मी तुझ्या एसटीत बसता यावं म्हणून नाव घातलं. सरांच्या अंगावर धावून गेल्यामुळे सेकंड इयर तसंही अर्ध्यात सुटलं होतं. पहिल्याच दिवशी माझी बोटं गुडघ्याच्या खाली उतरेनात. तू मागून येऊन पाठीवर पाय दिलास, ‘वाक की रे बांबू, कुणी कापत न्हाई तुला!’ सगळा वर्ग हसला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. पण तुझा पाय पाठीवर होता, मला वर उठायचंच नव्हतं. कोर्स संपला तेव्हा तू मोरासारखी हातांवर उभी राहायचीस, आणि मी कसाबसा पास.

आणि फोटोंवरून आठवलंच आहे तर ते पण बोलून टाकतो. त्या रविवारी तुझ्या आबांच्या स्टॉलवर, कार्ल्याच्या पायऱ्यांपाशी, तू कणसं भाजत होतीस. धुराने डोळ्यांत पाणी आलेलं, आणि तो गॉगलवाला तुझ्या तोंडासमोर फोन धरून ‘स्माइल, स्माइल’ करत होता. मी त्याचा फोन घेतला आणि ताकाच्या बादलीत टाकला. आबांनी माझं गचुरं धरलं, ‘ह्यो पोरगा पुन्यांदा हितं दिसला तर तंगडं मोडीन.’ तूही चार दिवस बोलली नाहीस, सीझनचं गिऱ्हाईक बिथरलं म्हणून. बादलीबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही. फक्त एक कळलंय आता. तेव्हा मला वाटायचं तुला राग येत नाही. राग येतो, पण हातातलं काम सोडता येत नाही, म्हणून आपण फोनकडे न बघता कणीस फिरवत राहतो. मी रोज इथे तेच करतो. नातवाला धरतो, हसतो, देतो परत.

तर ब्लॉकचं. मी तुला तो व्हिडिओ पाठवला, चौकात माझ्यामागे दोनशे माणसं हात वर करून उभी, आणि खाली लिहिलं, ‘बघ, तुझा बांबू स्टार झाला.’ त्या रात्रीपासून तू गप्प. गणपती गेले, दिवाळी गेली. मला वाटलं तुझं जमलं कुठेतरी. आरतीताईला विचारलं तर म्हणाली, ‘बगायला बी कोनाला येऊ दिलं न्हाई तिनं.’ मग माझी चूक तरी काय? शिव्या दिल्या मी तुला, खोटं कशाला सांगू. खोलीत बसून मराठीतून मोठ्याने दिल्या, इथे कुणाला कळतात? अगं, तूच मला इकडे पाठवलंस, आणि तूच बोलत नाहीस! मळवलीला ज्या बंगल्यावर माझे बाबा वॉचमन आहेत तिथल्या वायफायवर तू ह्या नोकरीचा इंटरव्ह्यू दिलास, छनने तुला निवडलं. तुला, मला नाही. घरी सांगितलंस तेव्हा आबा म्हणाले, ‘पोरगी चायनाला धाडून मी हितं काय करू? ह्या गुडघ्यानं बसवत न्हाई, उठवत न्हाई. स्टॉल कोन बगनार?’ तुझी आई शेतात, धाकटा किरण शाळेत. तू स्वतःच एजंटला फोन करून तुझ्याऐवजी माझं नाव घातलंस. आणि मळवली स्टेशनवर तुझी जांभळी चटई माझ्या खांद्याला अडकवून म्हणालीस, ‘आपल्यातलं कुणीतरी जाऊ दे.’ मी येडा, मला वाटलं किती जीव आहे हिचा माझ्यावर.

आता खरं सांगायचं ते सांगतो. गेल्या आठवड्यात क्लासनंतर बायका सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत बसल्या होत्या. त्यांच्यातली वांग मावशी म्हणजे आपल्या भजनी मंडळाच्या अध्यक्षीण बाईच समज, तिच्याशिवाय काही हलत नाही. तिने फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. मी तोऱ्यात तुझा व्हिडिओ दाखवला, बांधावर चटई टाकून तू मोर केलेला, मागे भात लोंबीला आलेला. मावशीने फोन माझ्या हातातून घेतला. परत बघितला. मग परत. बियांचा आवाज थांबला. तिने तो खिडकीत उभा ठेवला आणि सगळ्या बायका चटया ओढून त्याच्यासमोर बसल्या. तू जशी कोपरं पोटाला लावतेस तशी लावायला लागल्या. मी म्हणालो, असं नाही, थांबा, मी दाखवतो. मावशीने मान न वळवता हाताने मला बाजूला केलं. आणि मी दाराशी उभा राहिलो. माझा वर्ग, माझा पगार, आणि मी दारात उभा राहून बघतोय. तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन कोणाच्यातरी स्कूटरला लाथ घातली, अंगठा सुजला. (मावशी म्हणाली, गरम पाणी पी.) त्या अंगठ्याला धरून पायरीवर बसलो तेव्हा कळलं, सारिका. मी तुला व्हिडिओ पाठवायचो तेव्हा तू कुठे उभी असायचीस ते. मी एवढ्याशाने स्कूटरला लाथ मारली. तू नुसतं ब्लॉक केलंस.

म्हणून हे पत्र, आणि मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर, आबांनीही वाचावं म्हणून. मावशीने छनला दुसऱ्याच दिवशी धारेवर धरलं, ही मुलगी का आणली नाहीस? जागा एकच आहे. ती मूळची तुझी, मी नुसता बसलेलो. तुझ्या नावाचे कागद तयार करायला मी सांगितलंय. तू हो म्हण नाहीतर नको म्हण, मी पावसाळ्याच्या आत परत येतोय, दुसऱ्याच्या चटईवर आता माझ्याच्याने उभं राहवत नाही. आबा, तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल तर ऐका. स्टॉल मी बघतो. तंगडं मोडायचं तर मोडा, पण सीझन झाल्यावर. कणसं भाजीन, भजी तळीन, तुमच्या गुडघ्याचा व्यायाम शिव्या खाऊन करून घेईन. फोटोवाले आले तर येऊ देत, वर्षभर माझे इतके निघालेत की ‘स्माइल’ म्हणायच्या आत दात काढतो. ताकाची बादली तेवढी माझ्यापासून लांब ठेवा. आणि सारिका, तू इथून व्हिडिओ पाठवशील तेव्हा मला जळायला होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो. तरी पाठव. मी काही ब्लॉक करणार नाही. आपलं दोघांचं पुढे काय, ते तू इथे एकदा वर्ग घेतल्यावर सांग, त्याआधी सांगितलेलं मला नको. चटई परत आणत नाहीये. धुऊन, सुकवून वर्गातल्या पहिल्या रांगेसमोर गुंडाळून ठेवली आहे. मावशी तिच्यावर कोणाला बसू देत नाही, मलासुद्धा.

तुझाच,
बांबू