कांबळेमावशींचे सहा मिलिमीटर

६ ऑक्टो., सोम.
कांबळेमावशींची फुप्फुसातली गाठ २८ मि.मी. जुलैत २२ होती. वाढ पाचच्या पुढे गेली की नव्या औषधाच्या अभ्यासातून बाहेर, औषध बंद. डॉ. मॅडम म्हणाल्या, "वाढलीय. फॉर्म भर." भरला नाही. डोकं दुखतंय सांगून निघाले. मावशी बाहेर बाकावरच. "काय गं, बरं आहे ना?" "बघतोय आम्ही, मावशी." कसलं बघतोय, कपाळ माझं!

७, मंगळ.
अंघोळ करताना आठवलं. २८ आमच्या सीटी मशीनचे नाहीतच, जुलैचे २२ तेवढे आमचे. या वेळी आमचं बंद होतं म्हणून मीच त्यांना गिरगावच्या हॉस्पिटलात पाठवलं. "तिकडे लगेच होईल, ताटकळू नका." मोठी आली उपकार करणारी! दोन्ही मशीनवर चाचणीचा डबा ठेवून मापं जुळवायचं काम माझं. ऑगस्टपासून पुढे ढकलतेय.

९, गुरु.
डबा पिशवीत घालून टॅक्सीने गिरगाव. वॉचमन : "मॅडम, ये क्या है?" पेशंट, म्हटलं. आत प्लॅस्टिकमध्ये वीस मि.मी.चा गोळा, कुठल्याही मशीनने वीसच सांगायला हवं. तिकडे स्कॅनचे काप, म्हणजे स्लाइस, जाड घेतात, आम्ही बारीक. गोळा २२. तीनदा घेतला. २२, २२, २२. फणसवाडीत माझं घर पाच मिनिटांवर, पण गेले नाही. परत परळला, आमच्या हॉस्पिटलात. आमच्याकडे २०.
म्हणजे सहातले दोन मशीनचे. उरले चार. औषध चालू!

१०, शुक्र.
मॅडम : "गोळ्याचे मिलिमीटर माणसातून वजा करता येत नाहीत गं. आपल्या मशीनवर परत घे." मग, "डबा ऑगस्टमध्येच का नाही नेलास?" जमलं नाही, म्हटलं. जमलं नाही म्हणे. लाज वाटली. फार थकलेय.

१३, सोम.
मावशींना खरं सांगून टाकलं. चूक माझी, उद्या परत मशीनमध्ये झोपावं लागेल. दिवाळीचे ब्लाउज अर्धे टाकून लालबागहून आलेल्या. "एका टेपने माप घेऊन दुसऱ्या टेपने कापत नाही बाई मी. आणि तुम्ही शिकलेली माणसं!" जरा वेळाने हात धरून, "पण वाढली असेल तर तसंच सांग. माझ्यासाठी कमी नको लिहू." मास्क होता म्हणून बरं.

१४, मंगळ.
स्कॅन झाला. सेटिंग जुलैचीच, श्वासही तसाच धरायला लावला. माप घ्यायला बसले. गाठीची कड धूसर. माऊस जरा आत धरला की २६, जरा बाहेर की २८. कितीदा तरी सरकवला. हात आपोआप २६ वर थांबायचा. घाबरलेच. सगळं पुसलं, शेजारच्या खोलीत मापं घेणाऱ्या सावंतला बोलावलं. त्याला ना पेशंटचं नाव माहीत, ना जुलैचा आकडा. "माप तू घे. मी नको," म्हटलं.
आता बाकावर, मावशींच्या शेजारी. त्या ब्लाउजला हुक लावतायत.
"काय लिहितेस गं?"
"तुमचंच."
"बरोबर लिही."
आतून सावंत हाक मारतोय.