प्रौढ विद्यार्थिनीचा पालक

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
विस्तारित शालेय सेवा विभाग,
शिक्षण कार्यालय.

विषय: संध्याकाळच्या वर्गातील प्रौढ विद्यार्थिनीच्या 'पालक' या रकान्यातून तिच्या नवऱ्याचा मोबाइल क्रमांक तातडीने काढण्याबाबत.

संदर्भ: प्रयोगशाळेतील लोखंडी स्टँडच्या 'अनुचित वापराबाबत' खुलासा मागणारी आपली नोटीस.

महोदय,

आपण खुलासा स्टँडचा मागितला आहे. तो देते, परंतु स्टँडपर्यंत येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१. मी या शाळेत विज्ञान शिकवते. आपल्या योजनेमुळे शाळा संध्याकाळीही उघडी राहू लागली. आता तेथे वस्तीतील लोकांची रक्तदाब तपासणी होते, मोडक्या वस्तू दुरुस्त करण्याचा वर्ग चालतो, आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी दहावीचा वर्ग भरतो. योजना चांगली आहे, हे मी मनापासून लिहीत आहे. दहावीचा वर्ग जागेअभावी माझ्या प्रयोगशाळेत भरतो व त्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

२. सदर विद्यार्थिनी कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतण्याचे व कापण्याचे काम करते. वर्गात तिला सगळे 'कटर' म्हणतात. भागाकार आला की "कापाकापी माझ्याकडे द्या" असे ती म्हणायची, त्यावरून हे नाव पडले. नवऱ्याची मारहाण असह्य झाल्याने ती घर सोडून निघाली, कारखाना बदलला, जुना मोबाइल टाकून दिला. ती कोठे राहते हे त्याला ठाऊक नव्हते. दहावी झाली तर एका दवाखान्यात तिला रक्त तपासणाऱ्यांच्या हाताखाली घेणार होते. त्या नोकरीबरोबर राहायला खोली मिळते. तिला ती खोली हवी होती.

३. शाळेच्या दारावर हजेरीचे यंत्र आहे. मूल आत आले की पालकाच्या मोबाइलवर संदेश जातो. मोठ्यांचे वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तेच यंत्र तसेच त्यांनाही लागू केले गेले. कटरची मुलगी पूर्वी याच शाळेत शिकून बाहेर पडली आहे. म्हणून आईचे नाव त्याच कुटुंबाखाली नोंदले गेले, आणि मुलीचा जो पालक होता तोच आईच्या नावापुढे आपोआप उमटला. हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. यंत्र लागू झाले त्या पहिल्याच संध्याकाळी ती दारातून आत आली आणि तिच्या नवऱ्याला संदेश गेला: 'आपले पाल्य शाळेत सुखरूप पोहोचले आहे.'

४. तो आला. पहारेकऱ्याने त्याला अडवले नाही, कारण संदेश दाखवणाऱ्या पालकास अडवू नये असा आपला लेखी आदेश आहे. कटर दाराकडे पाठ करून ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडत होती. त्याने तिचे केस धरून तोंड सिंकच्या कडेवर आपटले. पुन्हा आपटले. जबडा मोडला, दात सिंकमध्ये पडले. मग फुटलेल्या काचेच्या चंबूचा काठ त्याने तिच्या गळ्याला लावला. मी 'तिला सोडा' म्हटले. तो शांतपणे म्हणाला, "मेसेज आला म्हणून आलो, बाई. शाळेनंच बोलावलं."

स्टँड माझ्या हाताशी होता. मी तो त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला, काच पडली, पण दुसऱ्या हातातून केस सुटेनात. म्हणून मी त्या हाताच्या कोपरावर मारले. मग केस सुटले. रंगकाम करणारे एक काका या वर्गात शिकतात. पोलीस येईपर्यंत ते त्याच्या छातीवर बसून राहिले. स्टँडचा दांडा वाकला, तळ शाबूत आहे. आपल्या नोटिशीत या घटनेस 'पालकाशी गैरवर्तन' म्हटले आहे.

५. पाल्यास इजा झाल्यास पालकास त्वरित कळवावे, असाही नियम आहे. शाळेच्या कार्यालयाने तो पाळला. रुग्णालयाचे नाव आणि वॉर्ड कळवला. नवरा त्याच रुग्णालयात हाताला प्लास्टर घालून घेत होता. पोलीस जबाब घेऊन निघून गेले होते. तो जिना चढून वर गेला आणि ते प्लास्टर त्याने तिच्या शिवलेल्या तोंडावर हाणले. टाके उसवले. नर्सने आणि शेजारच्या रुग्णाच्या सासूने मिळून त्याला ओढून काढले. पोलिसांनी त्याला पुन्हा नेले आणि तो जामिनावर सुटला. मोबाइल त्याच्याजवळच आहे.

६. मी आपल्या कार्यालयात आले होते. आपल्या लिपिकांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. ते म्हणाले, "मॅडम, पालकाचा रकाना रिकामा राहतच नाही. बदलायचा तर जुन्या पालकाची सही लागते." ही बाई चाळिशीची आहे, तिला पालक कशाला, असे मी विचारले. "यंत्राला वय कुठं कळतं? विद्यार्थी म्हटला की पालक आलाच." मग माझा क्रमांक घाला, असे मी म्हटले. त्यांनी विचारले, "तुम्ही तिच्या कोण?" शिकवते, असे सांगितले. ते चालत नाही म्हणाले. नाव कमी करावे म्हटले, तर दाखला पालकाच्या हाती द्यावा लागतो.

तिच्या तोंडातील तारा अजून निघालेल्या नाहीत. तिने पाटीवर लिहून मला एवढेच विचारले, की परीक्षेच्या दालनाच्या दारावरही तसलेच यंत्र आहे का. मी चौकशी केली. आहे.

७. तरी परीक्षेपूर्वी सदर क्रमांक काढण्याचा आदेश आपण आपल्या सहीने द्यावा. हा आदेश निघाला नाही तर त्या दिवशी संदेश जाईल, आणि पुढील खुलासा आपणास द्यावा लागेल.

पाल्याविषयीच्या प्रत्येक अर्जाची प्रत पालकास पाठवली जाते, हेही मला आपल्या कार्यालयातच समजले. म्हणून ती आता कोठे आहे, हे या अर्जात नाही. आपण विचारल्यास समक्ष सांगेन.

आपली नम्र,
(सही)
विज्ञान शिक्षिका व दहावीच्या संध्याकाळच्या वर्गाची प्रमुख
दिनांक: ९ जानेवारी

सोबत: आपल्या नोटिशीची प्रत, रुग्णालयाचा दाखला.

प्रत: पालक, नियमानुसार. त्यांच्या माहितीसाठी: वर्ग दुसरीकडे हलवला आहे. संध्याकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच असते. दुरुस्तीच्या वर्गाने स्टँड सरळ करून दिला आहे.