निघताना मारायची हाक

३ मे
नवी नोकरी, आणि पहिल्याच दिवशी पाठीचा पार भुगा! तरी खूश आहे. डोंगरमाथ्यावरच्या खडकांत कोरलेली जुनी चित्रं नोंदवायची: देवमासा, छोट्या कांगारूसारखा वॉलबी आणि एक अर्धवट राहिलेलं माणूस, नुसतं डोकं नि खांदे. बूट काढायचे, पाणी शिंपडायचं, तिरप्या उन्हात रेघ दिसली की पारदर्शक प्लॅस्टिकवर उतरवायची. सोबतीला इथल्याच आदिवासी थेल्मा मावशी; खडक त्यांच्या पूर्वजांचे. त्यांनी आधी मोठ्यानं ओरडून पूर्वजांना सांगितलं, "ही रोंडा. नदीकडची आहे, पण पोर चांगली आहे. सांभाळा!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, नदीकडची माणसं चढ दिसला की बसतातच. टार्नीला आजीकडे ठेवून आलेय. रविवारी लेकीला भेटायचं, तोवर करमणार नाही.

६ मे
काल दुपारी दमून त्या अर्धवट माणसाशेजारी आडवी झाले नि डोळा लागला. आज मावशींना सांगितलं, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवून विचारलं, निघताना स्वतःला नावानं हाक मारलीस का? जिथे झोपलो तिथून जिवाला हाक मारून सोबत न्यायचं, नाहीतर तो तिथंच राहतो, हे आमच्याकडेही आहेच. पण खाली सहलीची माणसं होती, मला लाज वाटली. मावशी चिडल्या. लाजेनं कोणाचं भलं झालंय, म्हणाल्या.

७ मे
आज जाऊन हाक मारली. काही फरक नाही. अंग जड, घास उतरत नाही. आणि त्या माणसाला कंबर आहे. माझ्या प्लॅस्टिकवर कंबर नाही. दमलेय, चुकले असेन. पण रेघ ताजी, पांढरी—

८ मे
पाय आले. डाव्या पायाला करंगळी नाही. माझी लहानपणी कुऱ्हाडीनं गेली होती. भीती वाटतेय. मावशींना सांगायला हवं.

९ मे, रविवार
मावशींनी धरून वर आणलं. झाडाखाली बसवलंय. त्या खडकावर उभ्या राहून हाका मारतायत, "रोंडे, ऊठ गं! लेक वाट बघतेय!"
"आले, मावशी." आवाज माझा. मी बोलले नाही.
खडकावरच्या त्या कोरलेल्या माणसाच्या जागेवरून कोणीतरी उठलं, हुबेहूब माझ्यासारखं. मावशी हसतायत, रडतायत, तिचा हात धरून गाडीकडे— झाडाकडे बघतसुद्धा नाहीत. मी ओरडतेय, आवाजच फुटत नाही—
गाडी सुरू झाली. टार्नी, ती मी नाही. तिच्याजवळ जाऊ न—