जड ठरलेलं वजन

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भाऊजींचं दोन किलोचं वजन नापास केलं. धाकट्या दिराचं दुकान, म्हणून दोनदा तोललं. मग तिसऱ्यांदाही. जडच. म्हणजे गिऱ्हाइकाला दर खेपेला थोडं जास्त जातं.

साखर घ्यायला आलेले एक आजोबा म्हणाले, "अहो बाई, जास्त देतोय ना तो? मग तुमच्या पोटात का दुखतंय?" मी सांगितलं, वजन दोन्ही बाजूंनी चुकतं. कमी ही चूक, तशी जास्त हीसुद्धा. भाऊजींनी वजन पुसून माझ्या हातात दिलं. दारावर नोटीस लावायला डिंक सापडेना, तर तोही गल्ल्याखालून काढून दिला.

नातं बघून सोडायचं असेल, तर वजनमापं खात्यात मी बसायचंच कशाला?

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवताना हे म्हणाले, "पकडून पकडून कोणाला पकडलंस? देणाऱ्याला!" मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला हवं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पीठवाल्याचं वजन जड. खिळे-पत्रेवाल्याचंही. पुन्हा दोन किलोचंच! ही वजनं ओतणारा कारखानाच बेशिस्त असला पाहिजे. वरच्या ऑफिसला तसं कळवावं का?

भाऊजींच्या समोरचा दुकानदार मात्र अगदी काटेकोर निघाला. त्याचं दोन किलो माझ्या दोन किलोला तंतोतंत जुळलं. त्याला शाबासकी दिली. जाऊबाई आपल्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते ऐकत होती. मी हात केला. ती आत गेली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पाळकसाहेबांचा निरोप आला. पुढच्या बुधवारी अभ्यासवर्गात मी बोलायचं आहे. विषय: देवाचं नियमशास्त्र आणि कृपा. "तुम्ही नियमाचं माणूस. नियमाची बाजू तरी कोणी नीट मांडेल," असं म्हणाले. थट्टा होती की कौतुक, कळलं नाही. दोन्ही असेल.

मनात जुळवतेय. नियम हे वजन आहे. ते पीठ वाढवत नाही, कमीही करत नाही. पारड्यात किती आहे ते फक्त सांगतं. वजनावर रागावून काय उपयोग?

मग कृपा म्हणजे काय? चुकीचं पारडं बरोबर म्हणणं तर नक्कीच नाही. इथवर येते आणि थांबते.

शनिवार, १ मार्च

उद्या प्रभुभोजन. कोणाच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर आधी जाऊन समेट करावा, अशी आज्ञा आहे. म्हणून संध्याकाळी दिराच्या घरी गेले.

जाऊबाई इस्त्री करत होती. भाऊजी खिडकीपाशी बसले होते.

मी म्हणाले, "तुला त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतं."

"ताई, तुम्ही माफी मागायला आलात, की समजावून सांगायला?"

मी पदर सारखा केला. चूक केलेली नसताना चुकले म्हणायचं, तर ती खोटी साक्ष झाली. एक आज्ञा पाळायला दुसरी कशी मोडू?

"म्हणजे समजावून सांगायला," ती म्हणाली. "नोटिशीत 'वजनात दोष' एवढंच लिहिलंय. दोष कुठल्या बाजूचा, ते कोण विचारतं? गिऱ्हाइकं समोर जातात. त्या शाबासकीवाल्याकडे." ती आणखी काही बोलणार होती. भाऊजींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि ती एकच कॉलर पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

"चहा घेता, वहिनी?" भाऊजी म्हणाले. मी नको म्हटलं.

रविवार, २ मार्च

प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं. न घेता तसंच पुढे दिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. समेट झालेला नाही, मग कोणत्या तोंडाने घेणार?

घरी येताना एवढंच म्हणाले, "तुझ्यापुरतं तू देवालाही नोटीस लावलीस बघ."

बुधवार, ५ मार्च

अभ्यासवर्गात बोलले. चांगलं बोलले, असं सगळे म्हणाले. नियम पवित्र आहे. नियम आपला आजार दाखवतो, औषध देत नाही. कृपा नियम पुसत नाही. कृपा म्हणजे सूट नव्हे. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

निवृत्त नर्सबाई पुढच्या बाकावर होत्या. निघताना माझा दंड धरून म्हणाल्या, "बाई, सगळं बरोबर बोललात हो. पण कसं झालं सांगू? जेवणावरचं भाषण ऐकलं आणि उपाशीच घरी निघाले."

त्यांना कसं कळलं? काही कळलं नसेल. उगाच मनाला लावून घेतेय.

मंगळवार, १८ मार्च



माझ्या वजनांचा संच वार्षिक तपासणीला गेला होता. प्रयोगशाळेतल्या माणसाने आत बोलावलं. "बाई, हे दोन किलोचं कधी पडलं होतं का?"

वजनाची मूठ फिरकीची असते. तिच्याखाली पोकळी असते. त्यात शिशाचे छर्रे घालून वजन नेमकं करतात. मूठ सैल झाली होती. छर्रे पेटीच्या अस्तरात, कोपऱ्यात सांडलेले. माझं दोन किलो दोन किलोचं नव्हतंच. हलकं होतं.

म्हणजे भाऊजींचं वजन बरोबर. पीठवाल्याचं बरोबर. खिळेवाल्याचं बरोबर. आणि ज्याला मी शाबासकी दिली, त्याचं?

सगळीकडे दोन किलोचंच चुकत होतं. कारखान्याचा संशय आला. दुकानदारांचा, सगळ्यांचा आला. माझ्या पेटीचा एकदाही आला नाही.

बुधवार, १९ मार्च

ऑफिसात साहेबांना सांगितलं. दार लोटून घेत ते म्हणाले, "छर्रे भरा, मूठ आवळा, विषय संपला. कोणाला कळणार आहे? वीस वर्षांची नोकरी आहे तुमची."

त्या क्षणी मला ते हवंसं वाटलं. अगदी मनापासून. हे इथे लिहून ठेवते.

मग म्हणाले, "साहेब, लेखी देते." त्यांनी कपाळाला हात लावला. चौकशी लागेल. नोकरी राहील का, माहीत नाही.

साहेबांनी देऊ केली ती सूट. तिच्यात कोणीच काही सोसत नाही. सोसतात ती फक्त ज्यांच्या दारावर नोटिसा आहेत ती माणसं. कृपा अशीच असते असं धरून मी इतकी वर्षं तिच्यापासून लांब राहिले की काय?

शनिवार, २२ मार्च

नव्या संचाने खात्याचा दुसरा निरीक्षक दुकानं तपासतोय. मी बरोबर जाते, नोटिसा खरवडून काढते. माझ्याकडे कोणी बघत नाही, नाहीतर फार बघतात. पीठवाला म्हणाला, "आता तुम्हाला कुठली नोटीस लावायची, बाई?" बरोबरच बोलला.

समोरच्या दुकानदाराचं वजन हलकं निघालं. जेवढं माझं, तेवढंच जवळजवळ. दोघेही सारखेच हलके, म्हणून एकमेकांना बरोबर वाटलो.

भाऊजींकडे शेवटी गेले. जाताना वाटभर वाक्य पाठ करत होते. प्रत्यक्षात एवढंच आलं, "भाऊजी, चुकलं माझं. तुमचं बरोबर होतं."

ते साखर तोलत होते. पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली, सुटे परत केले. मग स्टूल पुढे सरकवलं. "बसा वहिनी. उन्हातून आलात." बस्स. ना आश्चर्य, ना राग, ना 'मी म्हणतच होतो'. जाऊबाई आत होती, बाहेर आली नाही.

आश्चर्यसुद्धा नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

गुरुवार, ३ एप्रिल

चौकशीची तारीख पडली. आज दुसरं काही लिहवत नाही.

रविवार, ६ एप्रिल

उपासनेआधी जाऊबाई येऊन माझ्या शेजारी बसली. समोर बघतच बोलली. "ताई, यांनी मला बोलायला बंदी घातली होती, पण आता सांगते. तुम्ही नोटीस लावलीत त्याच संध्याकाळी हे त्याच्याच जोडीचं, नेहमी त्याच्याशी ताडून बघितलेलं दुसरं दोन किलो टपाल कचेरीच्या काट्यावर घालून आले. नेमकं भरलं. म्हणाले, वहिनींचंच वजन हलकं झालंय. पण आत्ता सांगितलं तर त्या उद्या राजीनामा देतील, त्यांचं त्यांना कळू दे. मला राग यांच्या गप्प बसण्याचा होता."

बाकीच्या दुकानांसाठी तरी त्यांनी बोलायला हवं होतं. हे मी त्यांना सांगणार आहे. आज नाही.

ताट आलं. जाऊबाईने ते धरून ठेवलं, आणि मी भाकरी घेतली. मी माफी मागायला गेले, तेव्हा भाऊजींनी मला माफ करून महिना उलटला होता.